नवा प्रशिक्षक, जुन्या सवयी

(ओतूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या दर्शनाला रांगा लागतात आणि यात्रेत कुस्त्यांचा आखाडा रंगतो, अशा गावाने मला फुटबॉलवर बोलायला बोलावले, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. फुटबॉल हा जुन्नर तालुक्याचा खेळ नाही, हे मी जाणतो. पण जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईला गेली. मुंबईचे डबेवाले याच मातीतले. तेव्हा मुंबईच्या संघाची गोष्ट तुम्हाला परकी नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. तालमीत वस्ताद बदलला की तोच पठ्ठा वेगळी कुस्ती करू लागतो, हे ओळखणारी नजर इथल्या प्रेक्षकांत आहे. काल खडाखडीत वेळ काढणारा आज सलामी झाल्या झाल्या पट काढायला झेपावतो. माझा विषय तोच आहे, फक्त एकाऐवजी अकरा जणांचा.

प्रश्न साधा आहे. फुटबॉलच्या सामन्यात प्रशिक्षक रेषेबाहेर उभा असतो. नव्वद मिनिटांत त्याला चेंडूला पाय लावता येत नाही. क्रिकेटसारखी षटकामागून षटक थांबून बोलण्याची सोय नाही. मैदान तेच, नियम तेच, पुष्कळदा खेळाडूही तेच. मग माणूस बदलल्यावर खेळ बदलतो तो नेमका कुठून?

याचे उत्तर शोधायला युरोपात जायची गरज नाही. आपल्या शेजारी, गोव्यात आणि मुंबईत, गेल्या काही वर्षांत असा एक प्रसंग घडला की एकच प्रशिक्षक आधी एका संघाला घडवून गेला आणि मग त्याच्याच प्रतिस्पर्ध्याकडे जाऊन बसला. असा योग अभ्यासकाला सहसा मिळत नाही. म्हणून आज मी तिथेच जास्त वेळ थांबणार आहे.

इंडियन सुपर लीग (आयएसएल) २०१४ मध्ये सुरू झाली. एफसी गोवा संघाचे पहिले प्रशिक्षक ब्राझीलचे झिको. खेळाडू म्हणून त्यांचे नाव जगभर गाजलेले. त्यांच्या हाताखाली गोवा २०१५ मध्ये अंतिम फेरीत पोहोचला आणि फातोर्ड्याच्या घरच्या मैदानावर चेन्नईयनकडून ३-२ असा हरला. २०१६ मध्ये तोच संघ गुणतक्त्यात तळाला गेला. २०१७ च्या उन्हाळ्यात सर्जिओ लोबेरा आले. चाळिशीतला स्पॅनिश माणूस, मोठा खेळाडू म्हणून नाव नाही, पण बार्सिलोनाच्या युवा संघांत घडलेला आणि तिथेच टिटो व्हिलानोव्हा यांचा साहाय्यक म्हणून काम केलेला.

लोबेरांनी पहिला बदल केला तो गोलकीपरपासून. आपल्याकडे वर्षानुवर्षांची रीत अशी होती की चेंडू हातात आला की गोलकीपरने तो जितका लांब जाईल तितका मारायचा. पुढे उंच उडी मारून जो जिंकेल त्याचा चेंडू. यात धोका कमी वाटतो, कारण चेंडू आपल्या गोलपासून दूर जातो. लोबेरांनी हे बंद केले. गोलकीपरने चेंडू जवळच्या बचावपटूला द्यायचा, दोन्ही मधल्या बचावपटूंनी एकमेकांपासून लांब पसरायचे, आणि मधल्या फळीतला एक जण खाली येऊन त्यांच्यामध्ये उभा राहणार. प्रतिस्पर्धी अंगावर धावून आले तरी चेंडू फेकून द्यायचा नाही. उलट त्यांना येऊ द्यायचे, कारण ते पुढे आले की त्यांच्या मागे मोकळी जागा तयार होते.

ऐकायला सोपे आहे. पण ज्याने आयुष्यभर 'मागे घोळ घालू नकोस, चेंडू मार' असे ऐकले, त्याच्या पायाला हे शिकवायचे म्हणजे त्याच्या मनातली भीती काढायची. या शिकण्याची किंमत गोव्याने मोजली. २०१७-१८ च्या साखळीत अठरा सामन्यांत गोव्याने ४२ गोल केले आणि २८ खाल्ले. खाल्लेल्यांतले काही सरळसरळ आपल्याच गोलसमोर चेंडू हरवून झालेले. प्रशिक्षकाची कसोटी तिथे लागते. चूक झाल्यावर त्याने 'उद्यापासून लांब मार' म्हटले असते तर सगळे संपले असते. लोबेरांनी तसे म्हटले नाही. गोवा त्या वर्षी उपांत्य फेरीत गेला आणि फेरान कोरोमिनास, ज्याला सगळे कोरो म्हणतात, त्याने १८ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला.

दुसरा बदल मला अधिक बोलका वाटतो, कारण तो आपल्याच मुलाचा आहे. गोव्याचा मंदार राव देसाई हा डाव्या बाजूने धावत सुटणारा विंगर. चेंडू घेऊन पुढे जायचे, मागची काळजी मागच्यांनी करायची, असा त्याचा खेळ. लोबेरांनी त्याला डावा बचावपटू केला. वरवर पाहता ही पिछेहाट. प्रत्यक्षात त्याच्या धावण्याला आणखी वीस-तीस मीटर मैदान मोकळे मिळाले. तो मागून निघायचा तेव्हा समोरच्या विंगरला कळत नसे की हा आता आपल्या अंगावर येणार की मागेच थांबणार. मात्र चेंडू गेला की तेवढेच अंतर परत पळायची जबाबदारीही त्याच्यावर आली. पुढे मंदारने आयएसएलमध्ये सर्वांत आधी शंभर सामने पूर्ण केले. खेळाडू तोच, वेगही तोच. त्याला उभे राहायची जागा बदलून दिली आणि त्याच्याकडे पाहण्याची सगळ्यांची दृष्टी बदलली.

आता मुंबईकडे वळू. मुंबई सिटीने २०१६ मध्ये कोस्टा रिकाच्या अलेक्झांद्रे गिमारेस यांच्या हाताखाली गुणतक्त्यात पहिले स्थान मिळवले होते: चौदा सामन्यांत २३ गुण, आणि गोल खाल्ले अवघे ८. संघात आघाडीला दिएगो फोर्लान होता, तरी संघाचे बळ बचावात होते. २०१८ मध्ये जॉर्ज कोस्टा आले. हे पोर्तोचे जुने कर्णधार, जोसे मोरिन्यो यांच्या संघातून २००४ ची चॅम्पियन्स लीग जिंकलेले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी मुंबईला शिस्त दिली. संघाने घट्ट एकत्र राहायचे, प्रतिस्पर्ध्याला समोर खेळू द्यायचे, आणि चेंडू हिसकावला की मोडू सोगूसारख्या वेगवान माणसाला पुढे सोडायचे. या पद्धतीला काही जण कमी लेखतात. मी लेखत नाही. हाताशी असलेल्या खेळाडूंना ओळखून बेतलेला तो प्रामाणिक खेळ होता आणि त्यावर मुंबई २०१८-१९ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेली.

पण त्याच हंगामात गोव्याशी गाठ पडली. ऑक्टोबर २०१८ मध्ये फातोर्ड्यावर गोवा ५-० जिंकला. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात, मुंबईच्या अंधेरीतल्या घरच्या मैदानावर, पुन्हा गोवाच ५-१. परतीचा सामना मुंबईने १-० जिंकला, पण तोवर सगळे आटोपले होते. बचावाची भिंत उभी करून वाट पाहणाऱ्या संघासमोर गोवा चेंडू इकडून तिकडे फिरवत राहायचा. भिंतीतला एखादा थकून दोन पावले सरकला की त्याच फटीतून चेंडू आत जायचा.

यापुढचा भाग तुम्ही नीट लक्षात घ्यावा अशी माझी विनंती आहे, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार तोच आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी गोव्याने लोबेरांना दूर केले. संघ तेव्हा अव्वल स्थानासाठी झुंजत होता आणि साखळीचे तीन सामने उरले होते. सूत्रे आली क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे. त्या तीन सामन्यांत गोव्याने काय केले? हैदराबादला ४-१, मुंबईला ५-२ आणि जमशेदपूरला ५-०. तीन सामन्यांत चौदा गोल. गोव्याने साखळीतल्या अव्वल संघाची ढाल जिंकली, ती देण्याचे ते पहिलेच वर्ष होते, आणि आशियाई (एएफसी) चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला.

माणूस गेला आणि खेळ राहिला. हे कसे झाले? एक उत्तर असे की अडीच वर्षांच्या सरावाने ती पद्धत खेळाडूंच्या अंगात मुरली होती. ते खरे आहे. दुसरे उत्तर गोव्याच्या जुन्या इतिहासात आहे. क्लिफर्ड मिरांडा हे धेंपो संघाचे खेळाडू. आर्मांडो कुलासो यांनी जवळजवळ तेरा वर्षे धेंपोला शिकवले आणि २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. तो संघही जमिनीवरून आखूड पास देत खेळणारा होता. क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी आणि क्लिफर्ड हे त्या शाळेतले. तेव्हा स्पेनहून आलेल्या प्रशिक्षकाने जे पेरले, ते नांगरलेल्या रानात पडले होते. गोव्याच्या यशाचे श्रेय देताना लोबेरांचे नाव घ्यावेच, पण कुलासोंचे नाव गाळून चालणार नाही. आपल्याकडे बाहेरून आलेल्याचे कौतुक लवकर होते आणि घरच्या माणसाने वर्षानुवर्षे केलेले काम विसरले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

अर्थात उपांत्य फेरीत गोवा चेन्नईयनकडून पहिल्या सामन्यात ४-१ असा हरला, दुसरा ४-२ जिंकूनही एका गोलाने बाहेर पडला. पुढे पसरलेल्या संघाच्या मागची मोकळी जागा ही त्या पद्धतीची दुखरी बाजू होती, ती लोबेरांच्या काळातही होती आणि नंतरही राहिली.

दरम्यान नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटी चालवणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. २०२० च्या मोसमाआधी मुंबईने लोबेरांना आणले, आणि त्यांच्यामागून गोव्याहून चार जण मुंबईत आले: मोरोक्कोचा अहमद जाहूह, सेनेगलचा मुर्तादा फॉल, ह्यूगो बूमूस आणि मंदार. बचाव, मधली फळी, हल्ला, डावी बाजू असा संघाचा कणाच त्यांनी सोबत आणला. यावर टीकाही झाली की हा प्रशिक्षक शिकवत नाही, शिकलेली माणसे विकत घेतो. टीकेत तथ्य आहे. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. खेळाची पद्धत फळ्यावरच्या खुणांत राहत नाही, ती माणसांत राहते. नव्या संघात ती न्यायची तर ती अंगात मुरलेली चार माणसे मध्ये उभी करावी लागतात. इतर सात जण त्यांच्याकडे पाहून शिकतात.

कोविडमुळे तो सगळा हंगाम गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये खेळला गेला. मुंबईने पहिलाच सामना नॉर्थईस्टकडून ०-१ असा गमावला. पूर्वार्धातच जाहूहला लाल कार्ड मिळाले होते. तो गेला आणि संघाला चेंडू पुढे कसा न्यायचा ते सुचेना. या एका सामन्यात पद्धतीचे मर्म उघडे पडले. जाहूह फार धावत नसे. तो बचावपटूंच्या शेजारी येऊन चेंडू घ्यायचा, मान वर करायचा आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला तिरका लांब पास अचूक टाकायचा. कॉर्नर आणि फ्री किकही त्याच्याच पायावर, आणि समोर उंचापुरा फॉल डोके घालायला तयार. या जोडीने किती सामने उघडले! त्या पराभवानंतर मुंबई सलग बारा सामने हरली नाही.

जुन्या मुंबईकर खेळाडूंचे काय झाले? मणिपूरचा बिपिन सिंग आधीपासून संघात होता, पण कोस्टांच्या काळात त्याला मोजकेच सामने मिळाले. त्या पद्धतीत विंगरला निम्मा वेळ मागे राहून बचावाला हात द्यावा लागे. लोबेरांनी त्याला डाव्या कडेला रेषेला चिकटून उभे केले. जाहूहचा पास तिथे यायचा, मंदार मागून धावत त्याच्या बाजूने निघायचा, आणि गोंधळलेल्या बचावपटूला बिपिन आत वळून चकवायचा. ओडिशाविरुद्धच्या ६-१ सामन्यात त्याने हॅट्ट्रिक केली. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यावर मोहन बागानशी अंतिम सामना १-१ बरोबरीत असताना नव्वदाव्या मिनिटाला विजयी गोल केला तोही बिपिननेच. ढाल आणि करंडक दोन्ही एकाच वर्षी मुंबईला मिळाले.

त्याच हंगामात मुंबई आणि गोवा चार वेळा समोरासमोर आले. गोव्याकडे आता हुआन फेरांडो होते, तेही स्पॅनिश, तेही चेंडू ताब्यात ठेवणारे. निकाल पाहा: १-०, ३-३, २-२, ०-०, आणि शेवटी पेनल्टीवर मुंबई ६-५. दोन वर्षांपूर्वी ज्या सामन्यांत चार-पाच गोलांचा फरक पडत होता, तिथे आता सुईच्या टोकाएवढे अंतर उरले.

लोबेरा वर्षभरातच गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये इंग्लंडचे डेस बकिंगहॅम आले. पहिल्या हंगामात संघ पाचवा आला, बाद फेरीबाहेर राहिला. पुष्कळ क्लबांत तिथेच गच्छंती झाली असती. मुंबईने थांबायचे ठरवले. चेंडू ताब्यात ठेवण्याची जुनी सवय बकिंगहॅमनी मोडली नाही. तिला वेग दिला आणि चेंडू गेल्याबरोबर सगळ्यांनी मिळून तो लगेच परत हिसकावण्याची सवय जोडली. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवून मुंबईने आशियाई चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा पहिला विजय मिळवला. पुढच्या हंगामात वीस सामन्यांत ४६ गुण, ५४ गोल आणि सलग अठरा सामने अपराजित. ढाल निश्चित झाली ती फातोर्ड्यावर गोव्याला ५-३ हरवून. नोव्हेंबर २०२३ मध्ये बकिंगहॅम ऑक्सफर्ड युनायटेड क्लबकडे गेले, चेक प्रशिक्षक पीटर क्रॅटकी आले, आणि मे २०२४ मध्ये मुंबईने मोहन बागानला ३-१ हरवून करंडक पुन्हा जिंकला. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोठा निर्णय कोणत्याही सामन्यातला नव्हता. पाचव्या क्रमांकानंतर प्रशिक्षकाला न काढण्याचा होता.

आता थोडे मागे जाऊ. सय्यद अब्दुल रहीम हे नाव 'मैदान' चित्रपटामुळे आज अनेकांना माहीत आहे. हैदराबादचे हे गृहस्थ पेशाने शाळाशिक्षक. १९५० पासून ते भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ हरवले. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. तेव्हा रहीमना काढले असते तर कोणी हरकत घेतली नसती. ते राहिले. संघाच्या पायात बूट आले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपर्यंत खेळाची मांडणीच बदलली. हंगेरीच्या संघाप्रमाणे मधला आघाडीवीर थोडा मागे ओढून घ्यायचा, म्हणजे त्याला धरायला आलेला बचावपटू जागा सोडून पुढे येतो. मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले, भारत ४-२ जिंकला आणि स्पर्धेत चौथा आला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्याला जखम झाली, तेव्हा रहीमनी त्याला बाहेर न बसवता आघाडीला खेळवले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धच्या २-१ विजयातला एक गोल त्याचाच. रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, ते गेले. तेरा वर्षे एका माणसाने एका संघाला घडवले. त्यानंतर आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्ण भारताला मिळालेले नाही.

इथे कोणी म्हणेल, हे सगळे मोठ्या शहरांचे आणि मोठ्या पैशाचे. कोल्हापूरकडे पाहा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही तिथल्या फुटबॉल संघांची नावे आहेत. कुस्तीच्या तालमींच्या आसऱ्याने तो खेळ वाढला, आणि शाहू स्टेडियमवर स्थानिक संघांचे सामने बघायला हजारो लोक येतात. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. ज्या जिल्ह्यात तालीम आहे तिथे शिकवण्याची आणि शिकवणाऱ्याचे ऐकण्याची रीत आहे. ती इथेही आहे.

म्हणून शेवटी ओतूर आणि आसपासच्या शाळांच्या, महाविद्यालयांच्या चालकांना माझे एक मागणे आहे. तुमच्याकडच्या क्रीडाशिक्षकाकडे बघा. त्याच्याकडून जनगणनेची, निवडणुकीची, पोषण आहाराच्या नोंदींची कामे करून घेतली जातात आणि उरलेल्या वेळात त्याने तालुका स्पर्धा जिंकून आणावी अशी अपेक्षा असते. एका वर्षी संघ हरला की मैदानावरचा तास गणिताला दिला जातो. खेळ कोणताही असो, कबड्डी, खो-खो, फुटबॉल, त्याला एक संघ द्या, रोजचा ठरलेला तास द्या आणि सलग तीन वर्षे द्या. पहिल्या वर्षी तो हरेल. त्या वर्षी त्याच्या पाठीशी उभे राहा.